शिकमीदार म्हणजे पोटकूळ नव्हे

2023 च्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या दारात एक वयस्कर शेतकरी उभे राहिले. हातात खताच्या पिशवीची घडी, आत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले चार-पाच पिवळे कागद. म्हणाले, "सर, तुमी उर्दू शिकवता म्हणं. तेवढं आमच्या आज्याचं कागद बघा की. नाव दिसतंय का आन् पुढं कुणबी लिवलंय का, तेवढंच सांगा."

त्यांना बसवले, चहा दिला आणि कागद उघडला. उघडल्यावर दहा मिनिटे मी काहीच बोललो नाही. मला तो कागद वाचता येत नव्हता.

उर्दू आणि मराठी हे माझे बी.एड.चे अध्यापन विषय. वीसेक वर्षे मी मुलांना उर्दू शिकवतो. पण मी शिकवतो ती छापील, नीटनेटकी, नुक्ते जिथल्या तिथे असलेली उर्दू. समोरचा कागद शिकस्ता वळणात होता, म्हणजे घाईत लिहिलेल्या, मोडलेल्या अक्षरांत. कारकुनाने बहुतेक नुक्ते दिलेच नव्हते. आता 'कुनबी' या शब्दात काफनंतर नून आणि बे येतात. दोन्हींचा दात सारखाच असतो. नुक्ता वर दिला की नून, खाली दिला की बे. नुक्ताच नसेल तर उरतात दोन दात आणि शेवटचा ये. त्यावरून एका घराण्याची जात ठरवायची! मी त्यांना दोन दिवसांनी या म्हणालो. ते आले, तेव्हा त्यांच्याबरोबर आणखी तिघे होते.

हे अचानक का झाले, ते वाचकांना माहीत आहे. अंतरवाली सराटीचे उपोषण झाले, सप्टेंबर 2023 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यात निजामकालीन नोंदींचा शोध सुरू झाला. 1880 च्या दशकात हैदराबाद संस्थानात फारसीची जागा उर्दूने घेतली होती. त्यामुळे महसुलाचे, कोर्टाचे, जन्ममृत्यूचे कितीतरी कागद उर्दूत. काही मोडीत. ज्या भाषेला गेली कित्येक वर्षे 'तुमची भाषा' म्हणून बाजूला ठेवले होते, तीच भाषा एका सकाळी सगळ्या जिल्ह्याच्या कपाटातून बाहेर आली आणि कळले की ती 'आमची' किंवा 'तुमची' नाही. ती आमच्या सगळ्यांच्या आजोबांच्या सातबाराची भाषा आहे.

आरक्षण कोणाला मिळावे, कसे मिळावे, हा या लेखाचा विषय नाही. माझा विषय त्याहून लहान आहे. त्या दिवाळीत मी स्वतःच्या सोयीसाठी एक छोटेसे साधन तयार केले. ते वाटावे की नाही, यावर आमच्या शिक्षकमंडळींत बराच वाद झाला. त्या वादातून मला जे कळले ते सांगायचे आहे.

सुरुवात वहीने झाली. कागद वाचताना अडलेला प्रत्येक शब्द मी वहीत लिहायचो. पहिल्याच आठवड्यात लक्षात आले की अवघड शब्दांपेक्षा ओळखीचे शब्दच जास्त फसवतात. 'कौम' म्हटले की आजचा उर्दूचा विद्यार्थी 'राष्ट्र' किंवा 'समाज' म्हणेल. या कागदांत कौम म्हणजे जात. 'इंतिकाल' म्हटले की आपण हात उचलून दुआ मागायला लागतो, कारण घरात तो शब्द मृत्यूसाठी वापरतात. महसुलाच्या कागदात इंतिकाल म्हणजे हस्तांतर, जमीन एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर जाणे. आमच्या एका माजी विद्यार्थ्याने 'इंतिकाल-ए-आराजी' याचा अर्थ 'जमिनीचे निधन' असा लावला होता. हसलो सगळे. पण मीही त्याच्या वयात तेच केले असते, कारण मला हे शब्द कोणी शिकवलेच नव्हते. आमच्या अभ्यासक्रमात गालिब होते, इक्बाल होते. तहसीलदाराची उर्दू कुठेच नव्हती.

वही भरली तसा शोध घेणे अवघड झाले. 'खुश्की' कुठे लिहिले होते? चौथ्या पानावर की चाळिसाव्या? तेव्हा माझा जुना लॅपटॉप काढला. त्यात लिनक्स आहे, कारण विंडोजची नवी आवृत्ती त्याला झेपत नाही. एक साधी मजकुराची फाइल केली. एका ओळीत एक शब्द. आधी देवनागरीत उच्चार, मग उर्दू लिपी, मग मराठी अर्थ, मग तो कोणत्या प्रकारच्या कागदात सापडला ते. मध्ये उभ्या रेघा. आणि ही फाइल पाहण्यासाठी दहा-बारा ओळींची एक आज्ञावली लिहिली. तिला नाव दिले 'पाहा'. लिनक्समध्ये आज्ञेचे नाव देवनागरीत ठेवता येते, हे मलाही करून पाहिल्यावरच कळले. काळ्या पडद्यावर 'पाहा खुश्की' असे टाइप केले की उत्तर येते: कोरडवाहू, जिरायत जमीन. 'पाहा तरी' म्हटले की पाण्याखालची, ओलिताची जमीन. दुसरी सोय फसली सालाची. हैदराबादचे फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुमारास आज़र महिन्यापासून सुरू होई. आज़र, दै, बहमन या पहिल्या तीन महिन्यांना साधारण 590 मिळवायचे, पुढच्या नऊ महिन्यांना 591. म्हणजे कागदावर 'तीर 1340' असेल तर ते 1931 चा मे महिना. हे गणित दर वेळी बोटांवर करताना माझ्या चुका व्हायच्या. यंत्राच्या होत नाहीत.

यात माझी काही मोठी कारागिरी नाही. शोधण्याचे काम 'ग्रेप' करते, पानापानाने दाखवण्याचे काम 'लेस' करते, दोन्ही अनेक दशके जुनी आणि फुकट मिळणारी साधने. मी फक्त त्यांची गाठ मारली. पण गाठ मारतानाही अडचणी आल्याच. सर्वांत त्रासदायक अडचण अशी की डोळ्यांना एकच दिसणारे अक्षर यंत्राला दोन वेगळी अक्षरे वाटतात. उर्दूचा ये आणि अरबीचा ये, उर्दूचा काफ आणि अरबीचा काफ, यांना युनिकोडमध्ये वेगवेगळे क्रमांक आहेत. एका कीबोर्डवर टाइप केलेला शब्द दुसऱ्या कीबोर्डवरून शोधला की यंत्र सांगते, सापडले नाही. समोर शब्द दिसतो आहे आणि यंत्र नाही म्हणते! देवनागरीतही तीच गत. नुक्त्याचा 'क़' दोन प्रकारे लिहिला जातो. दोन रात्री त्यात गेल्या. शेवटी शोधण्याआधी सगळी रूपे एका रूपात आणणाऱ्या चार ओळी लिहिल्या, तेव्हा सुटलो. उर्दू लिपी काळ्या पडद्यावर अजूनही नीट दिसत नाही. त्या पडद्याचा चौकटी-चौकटींचा हिशेब इंग्रजीसाठी केलेला. त्यात नस्तालीक बसत नाही, आणि काही ठिकाणी अक्षरे उलट्या क्रमाने लागतात. म्हणून देवनागरी उच्चार आधी ठेवला.

जिल्ह्याच्या नावाचाही प्रश्न आला. जुन्या कागदात 'जिला उस्मानाबाद', आता सगळीकडे धाराशिव. मी एका ओळीत दोन्ही लिहिली. कोणतेही टाका, सापडते. नावावरून माणसे भांडतात, शोधणाऱ्या यंत्राला त्याचे सोयरसुतक नाही.

डिसेंबरपर्यंत फाइलमध्ये सहाशेच्या आसपास शब्द झाले. मी हे स्टाफरूममध्ये दाखवले आणि म्हणालो, सगळ्यांना देऊन टाकू. तिथे वाद सुरू झाला.

एका सहकाऱ्याचे म्हणणे रोखठोक होते. "सर, वीस वर्षांत पहिल्यांदा कोणी उर्दूवाल्याला विचारत घरी आलं. ते पण फुकट वाटून टाकता? मग उद्या कोण विचारेल?" त्याच्या बोलण्यात पैशापेक्षा मानाचा भाग जास्त होता आणि मला तो समजतो. उर्दू शाळेतल्या शिक्षकाला पटसंख्येच्या हिशेबात कायम खाली मान घालून बसावे लागते. त्याला कोणी खुर्ची दिली, तर ती सोडवत नाही.

दुसऱ्याचे म्हणणे व्यवहाराचे होते. तालुक्याच्या गावी पानामागे पैसे घेऊन असे कागद वाचून देणारे काही जण आहेत. त्यात वयस्कर, सांपत्तिक स्थिती बेताची असलेली माणसे आहेत. त्यांच्या पोटावर पाय का द्यायचा?

तिसरे म्हणणे मला सर्वांत जड गेले. एक ज्येष्ठ बाई म्हणाल्या, "चुकीचा अर्थ गेला तर? हा निबंधाचा विषय नाही. लोकांच्या जमिनी आहेत."

बाईंचे म्हणणे खरे होते. किती खरे, ते पुढे कळले.

मी शेवटी वाटलेच, पण लहान प्रमाणात. ओळखीच्या पंधरा-वीस शिक्षकांना आणि कागद वाचणाऱ्या दोन वृद्धांना फाइल दिली. पेन ड्राइव्हवर दिली, व्हॉट्सअ‍ॅपवर दिली. बऱ्याच शिक्षकांकडे संगणक नाही, पण फोनवर टर्मक्स टाकले की तोच काळा पडदा मिळतो. वृद्धांसाठी सगळी फाइल मोठ्या अक्षरात छापून दिली.

महिनाभराने त्यातल्याच एका वृद्धांचा निरोप आला: भेटायला या. गेलो. त्यांनी छापील कागदावर एका शब्दाखाली लाल रेघ मारली होती. शब्द होता शिकमीदार. मी अर्थ लिहिला होता, पोटकूळ. 'शिकम' म्हणजे पोट, तेव्हा शिकमीदार म्हणजे पोटकूळ. मला त्यात शंकाच आली नव्हती.

ते म्हणाले, "मास्तर, तुम्ही शब्द फोडून अर्थ काढला. कायदा काढून बघायला पाहिजे होता." आणि त्यांनी सांगितले ते असे. हैदराबाद जमीन महसूल कायदा 1317 फसलीचा, म्हणजे 1907-08 चा. त्यात दोन वेगळे शब्द आहेत. पट्टादाराकडून जमीन कसायला घेणारा तो 'आसामी शिकमी'. आणि पट्टादाराप्रमाणेच ज्याचा जमिनीवर हक्क आहे, किंवा जो पहिल्यापासून पट्टादाराबरोबर एकत्र कब्जात आहे, तो 'शिकमीदार'. पट्टा एका भावाच्या नावावर आणि बाकीचे भाऊ शिकमीदार, असे सर्रास असायचे. आता विचार करा. माझ्या फाइलने एखाद्या घरातल्या धाकट्या भावाच्या वारसांना सांगितले असते की तुमचा आजोबा पोटकूळ होता. मालकाला भाडेकरू करून टाकले असते मी, तेही फुकट.

त्या रात्री झोप लागली नाही. पहिला विचार हाच आला की बाई बरोबर होत्या, सगळे परत मागवावे. पण सकाळी शांतपणे विचार केला तेव्हा चित्र उलटे दिसले. ही चूक माझ्या वहीत पहिल्या आठवड्यापासून होती. वही वाटली नसती तर चूक झाली नसती का? झालीच असती. मी तो अर्थ दारात येणाऱ्या प्रत्येकाला तोंडी सांगत राहिलो असतो, आणि तोंडी सांगितलेल्या अर्थाखाली कोणी लाल रेघ मारत नाही. फाइल दुसऱ्याच्या हातात गेली म्हणून चूक सापडली. शिवाय ती ज्यांनी पकडली ते पानामागे पैसे घेणारेच होते. ज्यांच्या पोटावर पाय येईल अशी आम्हाला काळजी होती, त्यांनीच माझी इज्जत वाचवली. आज त्या फाइलमध्ये त्यांनी दुरुस्त केलेल्या सत्तरेक ओळी आहेत, आणि अवघड कागद घेऊन आलेल्यांना मी त्यांच्याकडेच पाठवतो. साधे कागद लोक स्वतः लावतात, अवघड कागद आणि योग्य दाम त्यांच्याकडे जातात.

मी दुसऱ्याच दिवशी ज्यांना ज्यांना शिकमीदार हा शब्द सांगितला होता त्यांना आठवून आठवून फोन केले. अकरा घरे होती. नऊ सापडली. दोन नाही सापडली. ती दोन घरे मला अजून आठवतात.

यानंतर फाइलची रचना बदलली, आणि ती कल्पना मला एका जुन्या ठिकाणी मिळाली. संगणकाच्या जगात युनिक्स नावाची प्रणाली आहे, आपल्या फोनच्या अँड्रॉइडपर्यंत तिची वंशावळ येते. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची या दोघांनी नोव्हेंबर 1971 मध्ये तिची पहिली माहितीपुस्तिका काढली. प्रत्येक आज्ञेला एक पान. आजही लिनक्सवर 'मॅन' ही आज्ञा दिली की अशीच पाने काळ्या पडद्यावर उघडतात. त्या पहिल्या पुस्तिकेच्या पानांवर दोन मथळे होते ज्यांनी मला चकित केले. एक, मालक: या आज्ञेची जबाबदारी कोणाची, त्याची आद्याक्षरे. दुसरा, दोष: या आज्ञेत काय चुकते, काय जमत नाही, हे करणाऱ्यानेच लिहायचे. आपली वस्तू लोकांपुढे ठेवताना तिच्या पानावरच तिचे दोष छापायचे! आपल्याकडे शाळेच्या अहवालात कोणी 'दोष' असा रकाना ठेवला तर केंद्रप्रमुखांना घाम फुटेल.

याच केन थॉम्पसनने 1992 मध्ये रॉब पाइकबरोबर एका खानावळीत जेवणाच्या टेबलावरच्या कागदी चटईवर यूटीएफ-8 ची रचना मांडली. आज माझ्या एका फाइलमध्ये देवनागरी आणि उर्दू शेजारी शेजारी नांदतात त्या यूटीएफ-8 मुळेच. त्यांनी ती रचना कुलपात ठेवली असती तर माझ्या लॅपटॉपवर 'पाहा' ही आज्ञा लिहिता आली नसती.

तर मी दोन रकाने वाढवले. 'कोणी सांगितले' आणि 'शंका'. शब्दाचा अर्थ कायद्यातून घेतला असेल तर तसे, कोणा जाणत्याने सांगितला असेल तर त्याची खूण, माझा अंदाज असेल तर 'अंदाज' असे स्वच्छ लिहायचे. शब्द फाइलमध्ये नसेल तर 'पाहा' सांगते, "सापडला नाही. जाणत्यास विचारा." आणि प्रत्येक उत्तराच्या शेवटी एक ओळ येते की हे अधिकृत भाषांतर नव्हे, कार्यालयात दाखवायला प्रमाणित भाषांतर करून घ्या.

आणखी एक गोष्ट वाटण्याआधीच काढून टाकली होती, ती सांगतो. सुरुवातीला मी प्रत्येक शब्दाखाली खऱ्या कागदातले वाक्य दिले होते. त्यात लोकांची नावे होती, वल्द अमुक, साकिन तमुक, सर्व्हे नंबर, कर्ज, गहाण. विश्वासाने दाखवलेले कागद ते. ती सगळी वाक्ये काढली. ज्ञान वाटावे, पण लोकांच्या घरच्या गोष्टी वाटू नयेत.

हे काम आपल्या भागात नवे आहे असेही नाही. 1917 मध्ये हैदराबादला दारुत्तर्जुमा, म्हणजे भाषांतरखाते, सुरू झाले आणि 1918 मध्ये उस्मानिया विद्यापीठ. विज्ञान, वैद्यक, कायदा, सारे उर्दूत शिकवायचे, तर शब्द हवेत. ते एकेक करून घडवले गेले. त्या खात्याचे पहिले प्रमुख मौलवी अब्दुल हक. त्यांचा आणि अंजुमन तरक्की-ए-उर्दूचा बराच काळ औरंगाबादेत गेला. इकडे मराठीत माधव जूलियनांनी 1925 मध्ये फारसी-मराठी कोश दिला. श्रीपाद जोशी आणि एन. एस. गोरेकर यांचा उर्दू-मराठी शब्दकोश राज्य साहित्य संस्कृती मंडळाने 1968 मध्ये काढला. म्हणजे एक पटवर्धन फारसीसाठी झिजले, एक जोशी उर्दूसाठी. ही पुस्तके मी जपून वापरतो. त्यांची नक्कल मात्र फाइलमध्ये केली नाही. दुसऱ्याचा कोश उतरवून आपले नाव लावणे म्हणजे वाटणे नव्हे.

आपण मात्र आपले ज्ञान कशात कोंडले, ते पाहा. गेल्या पंचवीस वर्षांत उर्दू शिक्षकांनी केलेल्या टिपणांचा ढीग इनपेजच्या फाइलींत आहे. मराठी शिक्षकांचा श्रीलिपी आणि कृतिदेवमध्ये. संगणक बदलला, फाँट गेला की समोर नुसता चिन्हांचा कचरा. शोधता येत नाही, जोडता येत नाही. साधी युनिकोड फाइल दिसायला गरीब असते, पण पन्नास वर्षांनीही उघडेल. माझा आग्रह काळ्या पडद्यासाठी नाही. ज्याला काळा पडदा नको त्याने तीच फाइल मोबाइलवर उघडून बोटाने शोधावे. आग्रह आहे तो साध्या, उघड्या, कोणालाही दुरुस्त करता येईल अशा फाइलसाठी.

काही जण म्हणतात, आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली, फोटो काढला की भाषांतर होते, तुमची फाइल कशाला? मी करून पाहिले. छापील उर्दू बरी वाचते. शिकस्ता समोर ठेवले की अडते, पण अडली आहे असे सांगत नाही. गुळगुळीत मराठीत काहीतरी सांगून मोकळी होते. कोणी सांगितले, कशावरून, याचा रकाना त्यात नाही. जमिनीच्या बाबतीत मला गुळगुळीत उत्तरापेक्षा 'सापडला नाही' हे उत्तर जास्त प्रामाणिक वाटते.

दुसरा आक्षेप, शब्द सगळ्यांना कळले तर खोटे कागद तयार करणे सोपे होईल. मला उलट वाटते. ज्या भाषेचे वाचणारे चारच उरतात, त्या भाषेत खोटेपणा सर्वांत सुरक्षित असतो. वाचणारे चारशे झाले की खोटा कागद लवकर उघडा पडतो.

आता थोडे आपल्या समाजाबद्दल. हे कागद मराठा कुटुंबांसाठी वाचता वाचता माझ्या लक्षात आले की आपल्या मशिदींचे, दर्ग्यांचे, आशुरखान्यांचे कागदही याच उर्दूत आहेत आणि ते वाचणारे आपल्यातही उरलेले नाहीत. इनामाच्या चौकशीनंतर मिळालेला मुंतखब अनेक घरांत फ्रेम करून भिंतीवर लावलेला असतो. त्यात काय लिहिले आहे, ते घरात कोणालाच सांगता येत नाही. त्यात 'मशरूत-उल-खिदमत' लिहिले असेल तर जमीन सेवेच्या अटीवर दिलेली आहे. 'मदद-ए-माश' असेल तर उपजीविकेसाठी दिलेली आहे. इनाम आणि वक्फच्या खटल्यांत हा फरक अनेकदा कळीचा ठरतो. वक्फवर भाषणे करणारे आणि फलक लावणारे खूप आहेत. भिंतीवरचा कागद खाली उतरवून वाचणारे किती? आपण उर्दूला तहजीबची भाषा म्हणून मिरवतो, मुशायऱ्याला गर्दी करतो. ते जरूर करावे. पण आपली मिळकत ज्या उर्दूत लिहिली आहे ती कोरडी, खडूस, कारकुनी उर्दू आपण टाकून दिली आणि मग हक्क गेले म्हणून रडतो.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडायला आपल्या वर्गापासून सुरुवात केली. पुढे 2020 चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला तेव्हा निम्मी रक्कम त्यांनी बाकीच्या नऊ अंतिम स्पर्धकांना वाटून दिली. पुरस्काराचे सगळ्यांना आठवते. मला सुरुवातीचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. शिक्षकाने स्वतःच्या वर्गाची अडचण सोडवली आणि सोडवणूक स्वतःपाशी ठेवली नाही. आपल्या प्रत्येक शाळेत असा कोणीतरी आहे. कोणाकडे परिपाठाची वही आहे, कोणाकडे पाढ्यांची युक्ती, कोणाकडे दाखल्यांचा एक्सेल तक्ता. निवृत्त होताना ते सारे कपाटाबरोबर जाते, कारण "हे काय दाखवायचं, घरगुती तर आहे" असे त्यांना वाटते. घरगुती आहे म्हणूनच दाखवावे. कंपनीने केलेल्या वस्तूत आपल्या शिकमीदाराला कधी जागा मिळणार नाही.

माझ्या स्टाफरूममधल्या त्या सहकाऱ्याला मान जाण्याची भीती होती. त्याचे काय झाले, ते सांगतो. फाइल वाटल्यावर लोक यायचे थांबले नाहीत, येणाऱ्यांचा प्रश्न बदलला. आधी म्हणायचे, "हे वाचून द्या." आता काही जण म्हणतात, "आम्ही एवढं लावलं, बरोबर आहे का बघा." गेल्या उन्हाळ्यात त्याच सहकाऱ्याने सुट्टीत दहा दिवस उर्दू लिपीचा वर्ग घेतला. अठरा जण बसले, त्यात अकरा मराठा आणि धनगर घरांतली मुले होती. आजोबांचा कागद स्वतः वाचायचा म्हणून आलेली. त्यातल्या एकाने चौथ्या दिवशी आपल्या पणजोबांचे नाव स्वतः वाचले आणि ते दोनदा मोठ्याने म्हटले. खुर्ची गेली नाही. शेजारी आणखी सतरंज्या टाकाव्या लागल्या.

वाचकांकडे मागणे एवढेच. घरात जुना उर्दू कागद असेल तर आधी त्याचा स्वच्छ फोटो काढून ठेवा, वाळवी कोणाची वाट पाहत नाही. घरात कोणी जुने पटवारी, वकिलाचे कारकून, पेशकार असतील तर त्यांच्याजवळ वही घेऊन बसा आणि शब्द लिहून घ्या. कोणी सांगितले तेही लिहा, शंका असेल तर शंका लिहा. मग ती वही दुसऱ्याला द्या आणि सांगा, लाल पेन घेऊन बस.

माझ्या फाइलमध्ये शिकमीदाराची ओळ आता सर्वांत लांब आहे. अर्थ आहे, कायद्याचे साल आहे, ज्यांनी दुरुस्त केले त्यांची खूण आहे. आणि शेवटच्या रकान्यात मी मुद्दाम ठेवलेले एक वाक्य आहे: आधी येथे चुकीचा अर्थ होता, कोणाला तो सांगितला गेला असल्यास कृपया कळवावे. त्या दोन घरांपैकी कोणीतरी कधीतरी ते वाचेल, अशी मला आशा आहे.